दळण लेशाफ्टचं, खोट शिमची: एका जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं प्रकरण

"टॉपला टाकला की गुमान चालतो, पण दुसऱ्या-तिसऱ्याला नुसतं दळण दळतो बघ." काकांनी ट्रॅक्टर आणून उभा केला आणि एवढंच सांगितलं. निम्मं निदान त्या वाक्यातच होतं, हे माझ्या लक्षात यायला अर्धा दिवस गेला.

ट्रॅक्टर 1960 च्या आगेमागे बनलेला. पुढचे चार गिअर (चौथा म्हणजे टॉप), एक रिव्हर्स. गिअर सगळे सरळ दात्यांचे, गिअर अलगद जुळवणाऱ्या सिंक्रोचा पत्ता नाही. काका तो हौसेने सांभाळतात, अधूनमधून हलकं काम करून घेतात. दोन वर्षांपूर्वी एकदा गिअरबॉक्स उघडून लेशाफ्टची, म्हणजे आतल्या खालच्या मधल्या शाफ्टची, दोन्ही बेअरिंगं नवी टाकली होती. सहा महिने शांतता, मग पुन्हा घरघर. दुसऱ्या एका कारागिराने ऑइल बदलून दिलं, तेव्हा आवाज महिनाभर दबला. काकांचं मत पक्कं होतं: बेअरिंगं डुप्लिकेट निघाली. नवी टाक, विषय संपला. बेअरिंग नवं असूनही गेलं तर तिसरं टाकून ते टिकेलच कसं, हा माझा प्रश्न त्यांना फारसा आवडला नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. सरळ दात्यांचा गिअरबॉक्स वाजणारच. तिरप्या दात्यांत एक दाता हळूहळू दुसऱ्याच्या अंगाला लागतो. सरळ दात्यांत अख्ख्या रुंदीचा दाता एकदम येऊन भिडतो, आणि त्याची शीळ होते. साठ वर्षांच्या ट्रॅक्टरची शीळ बंद करायला निघालेला माणूस गिअर, शाफ्ट, बेअरिंगं सगळं बदलून बसतो आणि शीळ तिथेच असते. म्हणून पहिलं काम म्हणजे कोणता आवाज जन्मापासूनचा आणि कोणता नवा, हे वेगळं करणं.

न उघडता काय कळलं

सकाळी थंड असताना ट्रॅक्टर चालू केला तर पहिली दहा मिनिटं तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. ऑइल तापलं तशी घरघर वर आली. ड्रेन प्लग काढला तेव्हा कारण दिसलं. ऑइलची धार पडत नव्हती, मधासारखी लोंबत होती. आवाज दाबायला कुणीतरी ऑइलमध्ये ग्रीस कालवलं होतं. हा उपाय जुना आहे आणि वाईट आहे. इतक्या घट्ट ऑइलमध्ये गिअर आपल्यापुरता चर पाडून फिरतो, बाजूचं ऑइल त्या चरात परत येत नाही, आणि वरच्या बेअरिंगांवर उडायला काही उरत नाही. थंडपणी मात्र सगळं कसं मखमली वाटतं.

प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा चिखल होता, शाईसारखा बारीक. चपट्या चकाकत्या कपच्या एकही नाही. बेअरिंगचा पृष्ठभाग उखडला की कपच्या येतात. त्या नाहीत म्हणजे बेअरिंग अजून तग धरून आहे, एवढाच अर्थ मी काढला आणि पुढे गेलो. मग हा चिखल कशाचा, हे त्याच वेळी विचारायला हवं होतं.

गिअरबॉक्सचा डबा धुऊन काढला, 90 ग्रेडचं साधं गिअर ऑइल भरलं आणि आवाज उघडा केला. (ऑइल जीएल-4 घेतलं. अशा डब्यांत पितळी-काशाचे बुश असतात, आणि जीएल-5 मधली जास्तीची रसायनं तांब्याच्या मिश्रधातूंना त्रास देऊ शकतात.) आता घरघर थंडपणीही ऐकू येऊ लागली. काकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की पोराने ट्रॅक्टर आणखी बिघडवला.

मग नेहमीच्या चाचण्या. ट्रॅक्टर उभा, न्यूट्रल, क्लच सोडलेला: घरघर आहे. पेडल दाबलं: दोन-तीन सेकंदांत आवाज खाली जात विरून गेला. क्लचचं रिलीज बेअरिंग असतं तर उलट झालं असतं, पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला असता. डिफरन्शियल आणि मागची बाजूही यातून सुटली, कारण चाकं फिरतच नव्हती. म्हणजे दोष क्लच सोडल्यावर फिरणाऱ्या भागात: इनपुट शाफ्ट (इंजिनकडून येणारा), त्याच्याशी कायम जुळलेला लेशाफ्टचा मोठा गिअर, आणि खुद्द लेशाफ्ट.

आता काकांचं वाक्य. या डब्यात पहिल्या तिन्ही गिअरांना ताकद इनपुट शाफ्टवरून लेशाफ्टवर उतरते आणि लेशाफ्टवरून परत मेन शाफ्टवर, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर, चढते. टॉपला इनपुट आणि मेन शाफ्ट थेट एकमेकांत अडकतात. लेशाफ्ट तेव्हाही फिरतो, पण रिकामा, ओझं न घेता. टॉपला गुमान आणि दुसऱ्या-तिसऱ्याला दळण, याचा अर्थ लेशाफ्टवर ओझं आलं की तो बोलतो. इनपुटचं बेअरिंग खराब असतं तर टॉपलाही गप्प बसलं नसतं.

चालत्या ट्रॅक्टरवर कान लावता येत नाही. पण इथे पीटीओ (अवजारं चालवायला बाहेर काढलेला फिरता शाफ्ट) लेशाफ्टच्या शेपटीवरूनच निघत होता. गिअर न्यूट्रलला ठेवून पीटीओवर ओझं दिलं की ट्रॅक्टर जागेवर उभा राहून लेशाफ्ट कामाला लागतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक डब्यावर आणि मूठ कानामागच्या हाडावर, ही माझी आवडती तपासणी. फिरत्या शाफ्टपासून बाही आणि गळ्यातलं उपरणं लांब ठेवायचं, हे वेगळं सांगायला नको. मागच्या बेअरिंगपाशी नुसती शीळ. पुढच्या बेअरिंगपाशी टोक टेकवलं तर हाडात गुरगुर उतरली.

थोडं गणितही केलं, कारण शीळ आणि गुरगुर वेगळ्या ठिकाणांहून येतात हे आकड्यांत दिसतं. इनपुटचा गिअर 19 दात्यांचा, लेशाफ्टचा 37. इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर ठेवलं तर इनपुट सेकंदाला 13.3 वेळा फिरतो आणि दाते सेकंदाला 253 वेळा भिडतात. ती शीळ. लेशाफ्ट सेकंदाला 6.85 फेऱ्या करतो, आणि 17 रोलरच्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर एक खड्डा असेल तर त्यावरून सेकंदाला साधारण 49 रोलर जातात. ती गुरगुर. फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये 253 चा सुळका ठळक होता, यात नवल नाही. नवल त्याच्या दोन्ही बाजूंना होतं: सुमारे 7-7 च्या अंतरावर छोटे सुळके. म्हणजे शीळ लेशाफ्टच्या प्रत्येक फेरीला कमीजास्त होत होती. गिअर नीट मध्यावर फिरत नव्हता, शाफ्ट कुठेतरी हलत होता. 49 पाशी मात्र जवळपास काहीच नाही. फोनचा माइक इतका खालचा आवाज धड पकडत नाही, असं म्हणून मी त्याकडे दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा खूण समोर होती आणि मी ती ओलांडून गेलो.

उघडल्यावर

ट्रॅक्टर दोन भागांत उघडताना पुढच्या ॲक्सलच्या खिळीपाशी दोन्ही बाजूंना लाकडी पाचर मारल्याशिवाय एकही बोल्ट ढिला करू नका. पुढचा ॲक्सल मधल्या खिळीवर झुलतो. डबा सुटला की इंजिनला आडव्या दिशेने धरणारं काही उरत नाही.

लेशाफ्टच्या पुढचं झाकण निघालं, बेअरिंग निघालं. 30208 नंबरचं, टेपर रोलर (निमुळत्या रोलरचं), 40 मि.मी. च्या शाफ्टवर, बाहेरून 80 मि.मी. मी भिंगातून पाहिलं. रोलरवर बारीक ठिपके, एवढंच. एवढ्याशा ठिपक्यांनी बेअरिंगने इतका आवाज करू नये. काका मागून म्हणाले, "बघ, मी सांगत होतो." मी कप, म्हणजे बेअरिंगची बाहेरची रिंग, हातात फिरवला आणि त्याची बाहेरची बाजू उजेडात धरली. आरशासारखी चकचकीत. कपची बाहेरची बाजू घरात, म्हणजे डब्यातल्या त्याच्या गोल भोकात, जागेवर स्थिर असते, ती घासायचं काही कारणच नसतं. चकाकत असेल तर कप घरात फिरतोय.

मग घर पुसून पाहिलं. आतल्या बाजूला गोलाकार ओळीत पंचाचे ठिपके. वीसेक असतील, काही अजून टोकदार, बरेच घासून सपाट झालेले. मागच्या वेळी ज्याने बेअरिंग टाकलं त्यालाही कप ढिला लागला होता. त्याने पंच मारून धातूचे उंचवटे काढले आणि त्यांवर कप ठोकून बसवला. ते उंचवटे सहा महिने टिकले. चुंबकावरचा करडा चिखल बेअरिंगचा नव्हताच. डब्याचं बीड होतं ते.

भोकाचा व्यास मोजणारा बोअर गेज लावला. घराच्या अगदी तळाशी, जिथे कप पोचतच नाही, तिथे 80.01 मि.मी. मूळ माप तिथे जसंच्या तसं होतं. कपच्या जागी एका दिशेने 80.14, तिच्या काटकोनात 80.05. घर अंडाकृती झालेलं.

खड्डा कुठे आहे हे मला या प्रकरणात सगळ्यात जास्त आवडलं. शाफ्टच्या वजनाने झिजलं असतं तर तळाला, घड्याळातल्या सहाच्या जागी झिजलं असतं. झीज होती आठ आणि नऊच्या मध्ये. पुढून पाहिलं तर इंजिन घड्याळाच्या दिशेने फिरतं. इनपुटचा गिअर वर, लेशाफ्टचा खाली. इनपुटच्या गिअरचा खालचा दाता डावीकडे जातो आणि लेशाफ्टला डावीकडे रेटतो. दात्यांच्या बाजूंचा उतार 20 अंशांचा असल्याने त्या रेट्याबरोबर थोडा दाब खालीही येतो, आडव्याच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त. दोन्हींची बेरीज बरोबर त्या आठ-नऊच्या मध्ये पडते. ट्रॅक्टरने स्वतःच्या ताकदीची दिशा डब्यात कोरून ठेवली होती.

त्यामुळे पुढचं टोक ओझ्याखाली डावीकडे सरकायचं आणि शाफ्ट तिरका व्हायचा. कपभोवतीचं अंतर 0.15 मि.मी. च्या आसपास, शाफ्ट 260 मि.मी., म्हणजे 28 मि.मी. रुंदीच्या दात्यावर फरक पडतो दीड शतांश मि.मी. चा. ऐकायला काहीच नाही. पण दोन्ही शाफ्ट एकाच पातळीत राहून एकमेकांजवळ आले किंवा लांब गेले तर दाते बरंच सहन करतात. एक शाफ्ट त्या पातळीतून बाजूला वळला की सगळं ओझं दात्याच्या एका कडेवर येतं. दात्यांना निळा रंग लावून गिअर फिरवले तेव्हा खूण दात्याच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यातच उमटली.

कप फिरायला का लागला

घर खाल्लं म्हणून कप फिरला, असं म्हणणं सोपं आहे. पण टेपर बेअरिंगच्या या बाजूचा कप मुळातच फार घट्ट बसवत नाहीत. पुढचं झाकण त्याला मागे दाबून धरतं, आणि किती दाबायचं ते झाकणाखालच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, ठरवतात. शिम बरोबर असतील तर कप रोलर आणि झाकणाच्या मध्ये चिमटीत राहतो आणि फिरत नाही. ती पकड गेली की कप मोकळा. रोलर फिरताना त्याला दर फेरीला थोडं थोडं सरकवत नेतात.

काकांना विचारलं, मागच्या वेळी शिम बदलल्या का? "शिम कशाला? होत्या त्याच घातल्या, एकही हरवली नाही त्याने." काका हे कौतुकाने सांगत होते. टेपर बेअरिंगच्या एकूण जाडीत नव्यानव्यातही फरक असतो. या मापाच्या बेअरिंगला तो 0.2 मि.मी. पर्यंत चालतो, आणि इथे बेअरिंगं दोन. जुन्या शिमवर नवी जोडी घातली म्हणजे चिमटी कमी-जास्त होणार हे नक्की, फक्त कोणत्या बाजूला आणि किती हे मोजल्याशिवाय कळत नाही. बेअरिंगं डुप्लिकेट नव्हती. ती मोकळी बसली होती.

दुरुस्ती

स्वस्त वाटा तीन होत्या. पुन्हा पंच मारणं: नाही. कपभोवती पातळ पत्रा गुंडाळणं: घर अंडाकृती, पत्राही अंडाकृती बसणार. रिटेनिंग कंपाउंड (भाग चिकटवून धरणारं रसायन): दहा-पंधरा शतांशांची फट ते भरतं खरं, पण कप मध्यावर आणत नाही, आणि शिम बसवताना कप पुढेमागे सरकायला हवा तो चिकटून बसतो. उरला बुश, म्हणजे घर मोठं करून आत बसवायची नवी कडी.

मशीनवर सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे मध्य कुठे धरायचा. झिजलेल्या घरावरून मध्य घेतला असता तर झीजच पुन्हा कोरली गेली असती. तळाची न झिजलेली पट्टी आणि मागचं घर (ते 79.97, निरोगी) या दोन्हींवर डायल गेज फिरवून रेषा पकडली. मग इनपुटच्या घरापासून अंतर तपासलं. मॉड्यूल (दात्याचं माप) 4, दाते 19 आणि 37, म्हणजे मध्यांतर 112 मि.मी. यायला हवं. तेवढं आलं तेव्हाच पहिला कट घेतला.

घर 88 मि.मी. पर्यंत मोठं केलं. बुश पोलादाचा, 0.05 मि.मी. जास्त. बीडाचा डबा 80 अंशांनी तापवला की 88 मि.मी. चं भोक साधारण 0.07 ने उघडतं, आणि फ्रीझरमध्ये ठेवलेला बुश आणखी चारेक शतांश आकसतो. त्यामुळे हातोडी लागली नाही. बुश हातानेच आत गेला आणि दोन श्वासांत धरला. मग आतला बोअर 80.00 वर आणला. कप रबरी हातोडीच्या टिचकीने सरकावा, बोटाने नाही.

दोन्ही बेअरिंगं नवी टाकली. ठिपके पडलेलं बेअरिंग परत बसवण्यात कसली काटकसर?

शिम मी संध्याकाळी बसवल्या. जुना गठ्ठा 0.90 चा होता. तो ठेवून झाकण आवळलं आणि डायलवर शाफ्टचा मागेपुढे प्ले आला 0.34. मला प्ले शून्य करून वर 0.04 चा ताण हवा होता, म्हणून 0.38 काढून गठ्ठा 0.52 केला. शाफ्ट हाताला गुळगुळीत आणि किंचित जड लागला. झाकण काढलं, कागदी पॅकिंग लावलं, झाकण परत आवळलं आणि हात धुतले.

सकाळी ट्रॅक्टर जोडायच्या आधी निव्वळ सवय म्हणून डायल पुन्हा लावला. प्ले 0.18. क्षणभर वाटलं डायलच बिघडला. मग पॅकिंग आठवलं. कागद दाबून 0.22 चा होतो, आणि मी सगळं मोजमाप कागदाशिवाय केलं होतं. झाकण तेवढंच बाहेर उभं राहिलं होतं, चिमटी सुटली होती, आणि माझा नवा कप नव्या बुशमध्ये फिरायला मोकळा होता. दोन वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराबद्दल मी आदल्या दिवशी बरंच बोललो होतो. काका तेव्हा तिथेच बसले होते.

0.22 आणखी काढली, गठ्ठा 0.30 चा झाला. पॅकिंगसह आवळून, शाफ्ट फिरवत रोलर जागेवर बसू देऊन, शाफ्टच्या 40 मि.मी. च्या अंगावर दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने ओढून पाहिलं. दीड किलोच्या आसपास सारखी ओढ, कुठे अडत नाही. डायलचा काटा हलला नाही.

जोडल्यावर

घरघर गेली. दुसऱ्या-तिसऱ्याला ओझ्याखाली चालवून पाहिलं, पीटीओवर कान लावला. पुढच्या बेअरिंगपाशी आता मागच्यासारखाच आवाज. ॲपवर 253 च्या बाजूचे सुळके दिसेनासे झाले.

शीळ मात्र राहिली, उलट तिसऱ्याला आधीपेक्षा जरा जास्तच. याची कल्पना काकांना आधी दिली होती. दाते कितीतरी तास तिरके घासून तिरक्या जोडीला सरावले होते. शाफ्ट सरळ केल्यावर ते पुन्हा अनोळखी झाले. 37 दात्यांचा गिअर उलटा बसवून न वापरलेली बाजू पुढे आणता आली असती. पण इनपुटचा गिअर शाफ्टबरोबर अखंड आहे, तो उलटत नाही. नवी बाजू जुन्या बाजूशी भिडवून फायदा झाला नसता. नवा लेशाफ्ट कुठून मिळाला तरी त्याला जोडीचा इनपुटही लागणार. ते करायचं नाही असं मी ठरवलं, आणि काकांनी फार वाद घातला नाही.

वीस तास चालल्यावर ऑइल काढलं. चुंबकावर पातळ करडी साय होती, बोटावर घेतली तर कणी लागली नाही. दाते नव्याने जुळताना एवढं निघतंच. ऑइल नवं भरलं, आणि पन्नास तासांनी चुंबक पुन्हा बघायचं ठरलं. काका सीटवर बसले, तिसरा टाकला, थोडं पुढे जाऊन थांबले आणि मागे वळून ओरडले, "शीळ आहे रे अजून!"

मी म्हटलं, ती पहिल्यापासून होती. दळणाखाली दबलेली.